कोल्हापुरातल्या एका प्रभागाची हिरवळ मोजायची कशी

उपग्रहाच्या चित्रात कोल्हापूर भलतेच हिरवे दिसते. पंचगंगेच्या दोन्ही काठांना, फुलेवाडी-शिंगणापूरच्या बाजूला, कसबा बावड्याच्या खाली हिरवा रंग नुसता पसरलेला असतो. त्यातला बराचसा भाग उसाचा असतो. काही ठिकाणी तो जलपर्णीचा असतो, आणि काही ठिकाणी कुलूप लावलेल्या कंपाउंडच्या आतला. दरडोई हिरवळीचा आकडा काढताना हे सगळे एकाच पोत्यात भरले, तर मंगळवार पेठेतल्या माणसाच्या वाट्याला कागदावर मोठी बाग येते आणि प्रत्यक्षात पेव्हिंग ब्लॉक.

म्हणून या कामात तीन गोष्टी शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या: जमीन हिरवी आहे का, तिथे झाडाची सावली आहे का, आणि ती जागा लोकांना खुली आहे का. पहिलीचे उत्तर उपग्रह देतो, दुसरीचे फीत, तिसरीचे कागदपत्र आणि फाटक. पुढची पद्धत एका प्रभागासाठी आहे. दोन-तीन माणसे, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, तीस मीटरची फीत आणि जीपीएस असलेला मोबाईल एवढ्यावर ती होते. कॉलेजचा प्रकल्प असो की तालीम मंडळाने हाती घेतलेले काम, क्रम तोच.

हद्द ठरवणे

महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ५,४९,२३६. म्हणजे चौरस किलोमीटरला सरासरी ८,२०० माणसे. ही सरासरी कुठेच खरी नसते. पेठांमध्ये दाटी कितीतरी जास्त आहे, तर हद्दीच्या कडेच्या भागांत अजून शेत आहे. प्रभागांच्या हद्दी निवडणुकीगणिक बदलतात, त्यामुळे जनगणनेचा प्रभाग आणि आजचा प्रभाग एक धरू नका. अधिसूचनेतल्या नकाशावरून हद्द स्वतः आखा. चतुःसीमेचे वर्णन वाचत रस्ता, नाला, पुन्हा रस्ता असे जायचे.

आखणी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. ते फुकट आहे. पहिल्याच मिनिटाला प्रकल्पाची निर्देशक प्रणाली मीटरांत मोजणारी यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी (प्रणालीचा सांकेतिक क्रमांक) ३२६४३ अशी लावा. ईपीएसजी ४३२६ मध्ये अक्षांश-रेखांश अंशांत असतात. त्यात थर ठेवून क्षेत्रफळाचे सूत्र चालवले की उत्तर ‘चौरस अंशां’त येते, आणि ते कुठल्या तरी गुणकाने गुणून चौरस मीटर करायचा मोह होतो. नवशिक्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

हद्दीच्या बाहेर ५०० मीटरचा पट्टाही घ्या. शाहूपुरीतला माणूस फिरायला कुठे जातो हे प्रभागाच्या रेषेवर ठरत नाही.

लोकसंख्या हा कच्चा दुवा आहे. २०११ च्या आकड्याने आज भागले तर दरडोई हिरवळ फुगते. शक्य असेल तिथे घरांची संख्या मोजून घरामागे सरासरी माणसे धरा आणि अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.

चित्रे निवडणे

भूवापरासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रे घ्या. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की चित्रे मोफत उतरवता येतात. एल२ए दर्जाचे चित्र निवडा, म्हणजे वातावरणाची दुरुस्ती झालेली असते. लाल, हिरवा, निळा आणि निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) या चार पट्ट्यांचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा हे डोक्यात ठेवले की चित्रात काय दिसेल आणि काय हरवेल याचा अंदाज आपोआप येतो. अर्ध्या गुंठ्याच्या परसातले एकटे शेवग्याचे झाड दिसणार नाही.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ वाया जातो. उपयोगी काळ ऑक्टोबरअखेर ते मे. दर वर्षी तीन चित्रे घ्या: दिवाळीच्या आसपासचे, फेब्रुवारीतले आणि एप्रिलअखेरचे. ढगांचे प्रमाण पूर्ण चित्राचे दिलेले असते, तुमच्या प्रभागाचे नव्हे. दोन टक्के ढग असलेल्या चित्रात ते दोन टक्के नेमके राजारामपुरीवर असू शकतात. उतरवण्याआधी डोळ्यांनी पाहा.

आता एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकाचे सूत्र. एनडीव्हीआय = (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४). बी८ म्हणजे निकट-अवरक्त पट्टा, बी४ म्हणजे लाल. सोपे आहे, पण २५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेने तयार झालेल्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. ते वजा करून मगच सूत्र लावायचे. लाल पट्ट्यात १,६०० आणि निकट-अवरक्तात ३,६०० असे आकडे असतील, तर वजाबाकी न करता एनडीव्हीआय येतो ०.३८ आणि करून येतो ०.६२. एकाच झाडाचे हे दोन आकडे. २०१९ आणि २०२३ ची चित्रे तशीच शेजारी ठेवली, तर चार वर्षांत शहराची हिरवळ ओसरल्याचा देखावा तयार होतो. गुगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत काम करत असाल तर ‘हार्मोनाइज्ड’ संच घ्या, त्यात ही दुरुस्ती केलेली असते.

ऊस वेगळा काढणे

हा भाग कोल्हापुरात टाळता येत नाही, आणि दुसऱ्या शहरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका इथेच तोंडघशी पडतात. वाढीला लागलेल्या उसाचा एनडीव्हीआय दाट झाडीइतकाच, कधी जास्तच येतो. एका तारखेच्या चित्रावरून ऊस आणि आमराई वेगळी करता येत नाही. काळ लावावा लागतो.

तीनही चित्रांचे एनडीव्हीआय काढून प्रत्येक पिक्सेलचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा घ्या. त्यावरून साधारण असे वाटप होते. सुरुवात या आकड्यांनी करा आणि नंतर जागेवर जाऊन सुधारा:

कमीत कमी ०.४ च्या वर आणि फरक थोडा असेल तर झाडी.
जास्तीत जास्त ०.६ च्या वर, पण एखाद्या तारखेला ०.२५ च्या खाली आपटला असेल तर पीक.
दिवाळीला ०.४-०.५ आणि एप्रिलमध्ये ०.२ च्या आसपास असेल तर गवत, माळ. टेंबलाई टेकडीचा उतार असाच वागतो.
तिन्ही वेळा ०.२ च्या खाली असेल तर बांधकाम, रस्ता किंवा भराव.

यातली मेख आडसाली उसात आहे. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यांची तोड वर्षाच्या आत-बाहेर होते, म्हणून एका वर्षाच्या तीन चित्रांत रान उघडे पडलेले बहुधा सापडते. आडसाली मात्र जून ते ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने उभा राहतो. एकाच हंगामाची चित्रे घेतली तर तो दिवाळी, फेब्रुवारी, एप्रिल तिन्ही वेळा हिरवा सापडतो आणि नकाशात झाडी म्हणून बसतो. त्यावर उपाय एकच, लागोपाठ दोन गळीत हंगामांची मिळून सहा चित्रे. तोडीनंतर खोडवा (बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) राखला असला तरी मधले काही आठवडे रान उघडे दिसते. ते पकडायला डिसेंबर-जानेवारीचे एखादे जादा चित्र कामी येते.

उलटी फसगत पानगळीची. सोनमोहर, पांगारा, सावर, पर्जन्यवृक्ष यांची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरतात. त्या वेळच्या चित्रात रस्त्याकडेची मोठी झाडे ०.३ च्या खाली जाऊ शकतात. म्हणून फक्त सगळ्यात कमी आकड्यावर झाडी ठरवू नका. शंका आली तर गुगल अर्थ प्रोमधली जुनी चित्रे उघडा. मुकुटाची (फांद्या-पानांच्या घेराची) गोल सावली दिसली तर झाड, सरळ बांध दिसले तर शेत.

पाण्याचेही सांभाळा. जलपर्णीने झाकलेला तलाव एनडीव्हीआयमध्ये उद्यान दिसतो. रंकाळा, कोटीतीर्थ, राजाराम तलाव, कळंबा यांच्या कडा जुन्या स्वच्छ चित्रावरून एकदा आखून घ्या आणि त्या बहुभुजाच्या आतले सगळे ‘पाणी’ या वर्गात कायमचे कोंडून टाका. जलपर्णी किती हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळ्या तक्त्यात जातो.

बांधकाम आणि उघडी माती यांचा घोळ एप्रिलमध्ये सर्वात वाईट असतो. मंगलोरी कौलांचे जुने छप्पर आणि तांबडी माती अवरक्त पट्ट्यांत जवळजवळ सारखी वागतात, आणि एनडीबीआय हा बांधकाम ओळखण्याचा निर्देशांक दोघांनाही बांधकाम ठरवतो. इथेही तारखांचा आधार घ्या. एखाद्याच तारखेला उघडी दिसणारी जमीन बहुधा तोडलेले रान असते. दोन्ही वर्षांत प्रत्येक तारखेला उघडी दिसणारी जमीन पाडलेला प्लॉट किंवा टाकलेला भराव असते. नदीकडच्या प्रभागांत हा दुसरा प्रकार स्वतंत्र रंगाने दाखवा आणि त्यावर जलसंपदा विभागाची निळी व लाल पूररेषा टाका. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते गल्लीतल्या भिंतींवरच्या खुणा सांगतात. त्या खुणांचे जीपीएस घेऊन ठेवा, फुकटचा पुरावा आहे. निळ्या रेषेच्या आतली मोकळी जमीन बागेसाठी पावसाळ्यात निरुपयोगी असेल, पण पुराला पसरायला ती लागते. ‘निरुपयोगी मोकळी जागा’ असा वर्ग करून तिला नकाशात बसवणे म्हणजे भरावाला आमंत्रण.

नकाशा तपासणे

वर्गीकरण झाले की प्रत्येक वर्गात ६० बिंदू यादृच्छिक टाका. क्यूजीआयएसमध्ये त्याचे साधन आहे. हाताने निवडू नका. हाताने निवडलेले बिंदू नेहमी सोप्या जागी पडतात. प्रत्येक बिंदूवर गुगल अर्थच्या चित्रात खरे काय आहे ते पाहा, आणि जिथे कळत नाही तिथे जागेवर जा. तपासणाऱ्याला नकाशाचा वर्ग दिसता कामा नये, नाहीतर तो नकाशाशी सहमत होत जातो.

पुढचे गणित बहुतेक जण सोडून देतात आणि ‘अचूकता ८२ टक्के’ लिहून मोकळे होतात. त्या एका आकड्याला फारसा अर्थ नाही. उदाहरण धरू. समजा, नकाशाने ४२ हेक्टर झाडी आणि १२० हेक्टर बांधकाम दाखवले. झाडीच्या ६० बिंदूंपैकी ४५ खरे निघाले, बाकीचे ऊस आणि जलपर्णी. बांधकामाच्या ६० पैकी ६ बिंदूंवर प्रत्यक्षात रस्त्याकडेची किंवा परसातली झाडे निघाली. तर खरी झाडी = ४२ × ०.७५ + १२० × ०.१० = ३१.५ + १२ = ४३.५ हेक्टर. बेरीज जवळपास तीच आली, पण नकाशा जिथे हिरवा होता त्यातले साडेदहा हेक्टर झाडी नाहीच, आणि बारा हेक्टर झाडी अशा ठिकाणी आहे जिथे नकाशा करडा आहे. घराशेजारी सावली देणारी झाडी नेमकी ही दुसरी.

याच बिंदूंवरून ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती साधारण ±१० हेक्टर येते. म्हणजे ३४ ते ५४ मधले काहीही. दोन वर्षांच्या नकाशांतला तीन-चार हेक्टरांचा फरक ‘घट’ म्हणून जाहीर करायला हा नकाशा पुरेसा नाही. मर्यादा आवळायची तर बांधकामाच्या वर्गात बिंदू वाढवा, कारण अनिश्चिततेचा मोठा वाटा तिथून येतो. झाडीत आणखी शंभर बिंदू टाकून फारसे हाती लागत नाही.

झाडे: फीत घेऊन

प्रत्येक झाड मोजायची गरज नाही. ते काम महापालिकेचे आहे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडे संरक्षण कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. तुम्ही नमुना घ्या. प्रभागातल्या रस्त्यांचे १०० मीटरचे तुकडे करा, त्यांतले वीस चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्या तुकड्यांवरचे प्रत्येक झाड नोंदवा.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. फीत खोडाला काटकोनात, सैल नाही आणि सालीत रुतलेली नाही. घेराला ३.१४ ने भागले की व्यास. बुंध्यापासूनच दोन-तीन खोडे फुटली असतील तर प्रत्येकाचा व्यास काढून त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्या, नुसती बेरीज नको. वडाच्या पारंब्या मूळ खोडात मिसळू नका, वेगळ्या नोंदवा. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरा.

मुकुटाचा विस्तार उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा. १२ आणि १० मीटर आला तर सरासरी ११, क्षेत्र ०.७८५ × ११ × ११ = ९५ चौरस मीटर. एका पर्जन्यवृक्षाने पाऊण-एक गुंठा सावली धरली, म्हणजे उपग्रहाचा एक अख्खा पिक्सेल. उभ्या अशोकाची रांग संख्येत भरघोस दिसते, सावलीत तिचा हिशेब तुटपुंजा येतो. ‘पाचशे झाडे लावली’ या फलकाचे मोल असे कळते.

आणखी तीन रकाने ठेवा. बुंध्याभोवती उघडी माती किती. फरशी किंवा काँक्रीट खोडाला भिडले असेल तर शून्य. खिळे, फलक, तारा. आणि वयाचा अंदाज, कारण झाडे संरक्षण कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे. घेरावरून वय काढणे मात्र धोक्याचे. एकाच वयाचा गुलमोहर आणि चिंच शेजारी उभे करून पाहा. जुने फोटो किंवा त्या गल्लीतली वयस्कर माणसे जास्त भरवशाची.

जागा कोणाची, फाटक कोणाचे

नकाशातल्या प्रत्येक हिरव्या तुकड्याला चारपैकी एक खूण द्या: रोज खुली सार्वजनिक जागा, सार्वजनिक पण वेळ, शुल्क किंवा कुलूप असलेली, संस्थेची किंवा खासगी, शेती. पहिली खूण देण्याआधी तिथे सकाळी सात, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळी जाऊन या. दुपारी बंद असलेल्या बागेचा उपयोग त्याच वेळी उन्हात काम करणाऱ्याला नसतो.

संस्थांचे आवार आकड्यांना फार वाकवते. शिवाजी विद्यापीठाचा परिसर सुमारे ८५३ एकरांचा, म्हणजे ३४५ हेक्टर. तो जमेस धरला की शेजारच्या कुठल्याही प्रभागाची दरडोई हिरवळ आकाशाला भिडते. धरू नका असे नाही, पण तिसऱ्या खुणेखाली ठेवा.

मालकीसाठी हद्दीच्या कडेला सातबारा आणि गावठाण-पेठांत मिळकत पत्रिका. त्यावर विकास योजनेचा नकाशा टाकून बाग, मैदान, शाळा यांची आरक्षणे पाहा. इथे प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम १२७ वाचून ठेवा. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्यामुळे नकाशावर हिरवे रंगवलेले आरक्षण आज जिवंत आहे का, हे नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात विचारा. अर्जात ‘आरक्षणांची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. आरक्षण क्रमांक, सर्व्हे क्रमांक आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का, असे तीन नेमके मुद्दे लिहा.

कॉलन्यांमधल्या ओपन स्पेसही विसरू नका. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात (प्लॉट पाडण्याच्या ले-आउटमध्ये) दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. मंजूर रेखांकनाची प्रत घेऊन जा आणि तिथे आज काय आहे ते पाहा: बाग, मंदिर, सभागृह, पार्किंग की कचऱ्याचा ढीग. गुंठेवारीच्या भागात मुळात रेखांकनच नसते, म्हणून अशी जागाही नसते. पाचगाव-उचगावच्या बाजूला हा फरक एका रस्त्याच्या अंतरावर दिसतो.

जुन्या शहरात कागद आणखी मागे न्यावा लागतो. गांधी मैदान हे एके काळचे वरुणतीर्थ, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. बुजवलेल्या तळ्याच्या जागी पावसात पाणी का साचते याचे कोडे मग उरत नाही, आणि तिथे काँक्रीट वाढवण्याचा प्रस्ताव आला की काय विचारायचे तेही कळते.

चालत पोचण्याचे अंतर काढताना बागेभोवती ३०० मीटरचे वर्तुळ काढू नका. जयंती नाला आणि रेल्वेमार्ग ही वर्तुळे मधोमध कापतात. रुळाच्या एका बाजूची बाग दुसऱ्या बाजूच्या घरापासून सरळ रेषेत दीडशे मीटरवर असेल, पण परीख पुलाखालून वळसा घेऊन ते अंतर किती तरी वाढते. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरचे रस्ते उतरवा, सुटलेले बोळ स्वतः जोडा आणि क्यूजीआयएसमधले ‘सर्व्हिस एरिया’ साधन वापरा. आरंभबिंदू म्हणून बागेचा मध्य नाही, फाटक द्या. दोन फाटके असतील आणि एक कायम बंद असेल, तर उघडे असलेले एकच.

तुलनेसाठी केंद्राच्या २०१४ च्या नगर-नियोजन मार्गदर्शक तत्त्वांतले माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेचे प्रमाण वापरा. माणशी ९ चौरस मीटर हा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर फिरणारा आकडा सगळीकडे सापडतो, त्याचा मूळ दस्तऐवज मात्र कोणी जोडत नाही.

उष्णता

लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकी उपग्रहांची पृष्ठतापमानाची चित्रे मोफत आहेत. कलेक्शन २, लेव्हल २ घ्या. पिक्सेलचा आकडा × ०.००३४१८०२ + १४९ = केल्व्हिन, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सियस. ४७,००० आकड्याचे ३६.५ अंश होतात. फाइलमध्ये पिक्सेल ३० मीटरचा दिसतो, पण संवेदकाची मूळ नजर १०० मीटरची, म्हणजे एक हेक्टर. अडीच एकरांची सरासरी तुम्हाला तीस मीटरच्या चौकटींत कापून मिळते. पाच गुंठ्यांच्या बागेने किती थंडावा दिला हे त्यातून काढू नका.

वळीव झाल्यावर दोन-तीन दिवसांतले चित्र टाळा, ओल्या जमिनीने सगळा नकाशा सपाट होतो.

आणि एका निष्कर्षापासून सावध राहा. उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. एप्रिलमध्ये त्या वेळी गावाबाहेरचा कोरडा माळ आणि तोडलेले रान दाट पेठेपेक्षा जास्त तापलेले दिसते. त्याचा अर्थ सिमेंट थंड असते असा नाही. माळाची वरची कोरडी माती झटकन तापते आणि सूर्य मावळला की झटकन निवते. भिंती आणि स्लॅब उशिरा तापतात आणि रात्रभर उष्णता सोडत राहतात. शहराचा खरा फरक रात्री आठ-नऊनंतर हवेच्या तापमानात दिसतो, आणि तो उपग्रहाच्या सकाळच्या चित्रात नाही.

त्यासाठी जमिनीपासून दीड मीटरवर, पांढऱ्या हवेशीर आडोशात तापमान नोंदणारे छोटे यंत्र टांगा. एक बागेत, एक शंभर मीटरवरच्या गल्लीत, एक मोठ्या रस्त्यावर. भिंतीला टेकवू नका, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब ठेवा. लावण्याआधी सगळी यंत्रे एका खोलीत चोवीस तास शेजारी ठेवून त्यांच्यातला आपसातला फरक लिहून घ्या. अर्ध्या अंशाचा फरक तर यंत्रांतच असतो, आणि तुम्ही शोधताय तोही एक-दोन अंशांचाच.

दुचाकीवर यंत्र बांधून फेरी मारायची असेल तर ती तासाभरात संपवा आणि सुरुवातीच्या ठिकाणी परत येऊन पुन्हा नोंद घ्या. त्या दोन नोंदींतला फरक वेळेच्या प्रमाणात मधल्या सगळ्या नोंदींतून काढायचा. बंदुकीसारख्या अवरक्त तापमापकाने पत्रा मोजू नका. चकचकीत पत्रा आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो आणि वाचन खोटे कमी येते. रंगवलेल्या पृष्ठभागावर, फरशीवर, डांबरावर ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचे प्रमाण) लावून चालते.

हवा, आवाज, पाणी

कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे. हवेतल्या बारीक धुळीची चोवीस तासांची मर्यादा पीएम१० साठी १०० आणि पीएम२.५ साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. स्वस्त संवेदक या मर्यादेशी थेट ताडू नयेत. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की ते थेंबांनाही धूळ समजतात. पहाटेचे धुके आणि पावसाळा यांतले आकडे वेगळे काढा. संवेदक झाडाच्या बुंध्याशी किंवा वडापावच्या गाडीशेजारी लावले तर कढईचा धूर मोजला जातो. आणि नोव्हेंबर ते मार्च गुऱ्हाळांची चुलवाणे पेटलेली असतात, तोडीनंतर पाचट जाळले जाते. वाऱ्याची दिशा नोंदवली नसेल तर त्या महिन्यांतल्या उसळीचे खापर शहरातल्या वाहतुकीवर फुटते. बाग असलेला आणि नसलेला रस्ता यांची तुलना त्याच दिवशी, त्याच तासाला, दोन यंत्रांनी.

आवाजात सरासरी सरळ काढू नका. ६० आणि ७० डेसिबलची सरासरी ६५ नसून ६७.४ आहे, कारण मोजपट्टी लॉगची आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा. रात्र दहा ते सहा.

तळ्याच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर सूर्योदयाच्या आसपास. शेवाळ भरलेल्या पाण्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू उसळतो आणि आजारी तळे निरोगी भासते. स्नानायोग्य पाण्यासाठी तो लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा प्राणवायू) ३ किंवा कमी हवा. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. नाल्याच्या तोंडाशी एक, काठापासून आत एक, आणि दोन्हींची नोंद वेगळी.

अहवालाला काय जोडायचे

मुख्य तक्ता एका पानाचा: एकूण झाडी मर्यादेसह, सावलीचे क्षेत्र, रोज खुली सार्वजनिक जागा माणशी चौरस मीटरमध्ये, ३०० मीटर चालून बाग गाठता येणाऱ्या घरांचे प्रमाण. ऊस, पाणी, संस्थांचे आवार हे खाली स्वतंत्र ओळींत. शेजारी प्रत्येक उपग्रहचित्राची तारीख, झाडी, पीक वगैरे ठरवायला वापरलेले एनडीव्हीआयचे आकडे आणि १,००० ची वजाबाकी केली की नाही ते.

विकास योजनेवर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा हेच पान कामाला येते, पण तिथे ‘हिरवळ कमी आहे’ एवढे लिहून उपयोग नाही. हरकत सर्व्हे क्रमांकावर घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या ओळीत सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक, क्षेत्र गुंठ्यांत आणि चौरस मीटरमध्ये, तारखेसह फोटो, आणि फाटक किती वाजता उघडे सापडले हे सहा रकाने भरलेले असू द्या. तपासणीचे बिंदू आणि झाडांच्या नोंदींची मूळ फाइलही सोबत द्या, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला त्याच रस्त्यांचे तेच तुकडे पुन्हा मोजता येतील.